पूर आलेल्या नदीचे छायाचित्रण : आधी जागा, मग पाणी, शेवटी कॅमेरा

घटप्रभा, हिरण्यकेशी किंवा मलप्रभा पात्राबाहेर पडल्याची बातमी आली की बेळगाव जिल्ह्यातले हौशी छायाचित्रकार कॅमेरा उचलून थेट नदीकडे निघतात आणि निम्म्या चुका तिथेच होऊन जातात. जागा आधी पाहिलेली नसते, पाणी चढते आहे की उतरते आहे याचा अंदाज नसतो, परतीचा रस्ता ठरलेला नसतो. आणि हाती लागतो तो गढूळ पाण्याचा एक सपाट तुकडा, जो गोकाकचा की खानापूरचा हे काढणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. कॅमेऱ्याची मांडणी पाचव्या टप्प्यात आहे आणि ती मुद्दाम तिथे ठेवली आहे.

टप्पा १ : जागा मे महिन्यात ठरवा

पुराच्या छायाचित्रात दाखवायचे असते ते हे की पाणी नेहमीच्या जागेपासून किती पुढे आले. त्यासाठी नेहमीची जागा चौकटीत ओळखू यायला हवी. घाटाच्या पायऱ्या, पुलाचे खांब, देवळाचे शिखर, नदीकाठचे पंपघर, एखादे मोठे झाड यांपैकी निदान दोन खुणा पूर आल्यावरही पाण्याबाहेर राहतील अशी जागा निवडावी. ती निवड पुराच्या दिवशी करता येत नाही, कारण त्या दिवशी कोणत्या पाण्याखाली पायरी आहे आणि कोणत्याखाली खड्डा आहे हे दिसतच नाही.

आपल्या भागात वस्तीला लागून वाहणारी नदी पाहायची तर तीन ठिकाणे सोयीची आहेत. संकेश्वरात हिरण्यकेशी गावाच्या अगदी अंगाला आहे आणि मोठ्या पुरात पाणी नदी गल्लीत शिरते. गोकाकमध्ये घटप्रभा शहराच्या कडेने जाते. तिथला लोळसूर पूल २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाण्याखाली गेला होता. खानापूरला मलप्रभेचा घाट आहे. खुद्द बेळगाव शहराच्या दारात मोठी नदी नाही. उत्तरेकडे कंग्राळी, काकतीच्या बाजूला मार्कंडेय आहे आणि शहापूर, वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाला पसरतो. या दोन्ही ठिकाणी घरांपेक्षा भातशेतीच जास्त बुडते, तरी हात बसवण्यासाठी ती चांगली आहेत.

जागा पाहताना समोर काय दिसते त्याच्या आधी मागे काय आहे ते पाहावे. बहुतेक जण नदीकडे तोंड करून उंचवटा शोधतात आणि खूश होतात. पण त्या उंचवट्यापर्यंत येणारा रस्ता मध्येच एखाद्या ओढ्यावरून किंवा सखल भागातून जात असेल, तर नदीचे पाणी आधी त्या ओढ्यातून मागे फुगते आणि माणूस उभा असलेला उंचवटा बेट होतो. रस्ता नदीपासून गावाकडे सलग चढत गेला पाहिजे. दुसरे असे की नदीच्या वळणाची बाहेरची बाजू टाळावी, कारण प्रवाह तिथेच काठ कापतो. काळ्या मातीचा काठ वरून घट्ट दिसला तरी पाणी मुरल्यावर आतून पोखरलेला असतो आणि हातभर रुंदीची ढेप एकदम सुटते. दगडी किंवा काँक्रीटच्या घाटाची वरची पायरीसुद्धा पुरात शेवाळ आणि गाळाने निसरडी होते.

सर्वांत उत्तम जागा म्हणजे नदीकडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेतल्या पक्क्या घराची गच्ची. उंचीवरून पाणी किती आत आले आहे ते दिसते; जमिनीवरून फक्त पाण्याची कड दिसते. गच्चीसाठी मे महिन्यातच जाऊन विचारावे. “काकू, पावसाळ्यात पाणी वाढलं तर गच्चीवरून दोन-चार फोटो काढू का?” असे घरात पाणी यायच्या आधी विचारलेले कोणालाही खटकत नाही, दारात पाणी आल्यावर विचारलेले खटकते आणि खटकायलाच हवे.

जागा ठरली की त्याच दिवशी तिथून कोरड्या नदीचे छायाचित्र घ्यावे. कुठे उभे राहिलो, कॅमेरा किती उंचीवर होता आणि लेन्स किती मिलीमीटरवर होती हे वहीत लिहून ठेवावे. या एका छायाचित्रावाचून पुढची सगळी अर्धवट राहतात.

तपासणी : ठरवलेल्या जागेवरून पाण्याच्या जवळ न जाता, मागे वळून, न थांबता दहा मिनिटे चढावर चालत जाता येते का? येत नसेल तर जागा बदलावी.

टप्पा २ : निघण्याआधी पाण्याची बातमी वाचा

आपल्याकडची प्रत्येक नदी वेगळ्या तऱ्हेने चढते. आकाशाकडे पाहून निघणे ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

खानापूरची मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते आणि खानापूरच्या वर तिला अडवणारे मोठे धरण नाही. त्यामुळे कणकुंबी, जांबोटीच्या रानात रात्रभर पाऊस कोसळला की खानापूरला पाणी झपाट्याने चढते आणि पाऊस थांबला की तितक्याच लवकर उतरते. याच नदीवर खाली सौंदत्तीजवळ नविलतीर्थ धरण आहे. त्याच्या खालच्या रामदुर्गात मात्र ऊन पडलेले असतानाही धरणाच्या विसर्गाने पूर येऊ शकतो. गोकाकचे गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. तिथे घटप्रभेवरच्या ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या हिडकल धरणाचा विसर्ग, आंबोली-आजऱ्याकडून येणारी हिरण्यकेशी आणि मार्कंडेय यांची बेरीज होते. हिडकलमधून पाणी सोडलेले नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

चिकोडी, रायबाग, अथणी भागातल्या कृष्णेचे भवितव्य महाराष्ट्रात ठरते. कोयना, वारणा आणि पंचगंगेचे पाणी शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून पुढे येते आणि त्यात दूधगंगेची भर पडून कल्लोळजवळचा कृष्णेच्या प्रवाहाचा आकडा ठरतो. म्हणून कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पाहावी. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. हे पाणी आपल्याकडे पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे तिकडे पातळी उतरू लागल्यानंतरही इकडे ती काही काळ चढतीच असते. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, भोज-कारदगा यांसारखे बुटके पूल आणि बंधारे मोठ्या पुराची वाट न पाहताच पाण्याखाली जातात, हेही लक्षात ठेवावे.

बातमीतला क्युसेक म्हणजे एका सेकंदात एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. एकटा आकडा काही सांगत नाही; कालचा आणि आजचा आकडा शेजारी लिहिला की सांगतो. बेळगावची मराठी दैनिके आणि कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची रोजची पत्रके यांतून धरणांची पातळी, आवक आणि जावक मिळते.

माझे मत असे की हौशी माणसाने चढत्या पाण्याकडे जाऊच नये. पाणी कळसाला पोहोचून उतरू लागल्याची खात्री झाल्यावर जावे. छायाचित्रात काही कमी पडत नाही. उलट भिंतीवर ओली रेघ उमटलेली असते, पाणी अजून गल्लीत असते आणि बऱ्याचदा ढग थोडे फाटलेले असतात.

सावधान : नदी पाहण्याइतकेच रस्ता पाहणे गरजेचे आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. लहान रस्त्यांची गोष्टच नको. वाहत्या पाण्यात अर्धा फूट खोली माणसाचे पाय उचलायला आणि फूटभर खोली लहान मोटार तरंगवायला पुरते. पुलावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे कितीही चांगली जागा असली तरी तिथून मागे फिरावे.

टप्पा ३ : सामान आवरते ठेवा

एक कॅमेरा, एक झूम लेन्स आणि एक ट्रायपॉड पुरे. पावसात लेन्स बदलणे म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात पाणी घालणे. त्यामुळे २४ ते १०५ किंवा १८ ते १३५ मिलीमीटरसारखी एकच लेन्स लावून निघावे. नुसता मोबाइल असला तरी याच लेखातले जवळजवळ सगळे लागू पडते.

कॅमेऱ्यासाठी महागडे आवरण नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी, तिला लेन्सच्या तोंडाएवढे भोक पाडावे आणि ती हूडभोवती, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणाऱ्या नळीसारख्या आडोशाभोवती, रबरबँडने घट्ट बसवावी. हूड न विसरता लावावे. त्याचे खरे काम पावसात कळते. मायक्रोफायबरची तीन-चार फडकी वेगवेगळ्या बंद पिशव्यांत ठेवावीत, कारण पहिले फडके भिजल्यावर ते काच पुसत नाही, पाणी पसरवते. सिलिका जेलच्या पुड्या, भरलेली जादा बॅटरी, शिट्टी, घट्ट बसणारे बूट आणि भडक रंगाचा रेनकोट एवढे झाले की पिशवी बंद करावी. गुडघाभर उंचीचे गमबूट टाळावेत. त्यांत पाणी शिरले की पाय उचलत नाही.

ड्रोन आणू नये, असे मी स्पष्टच सांगतो. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हिरवा, पिवळा आणि लाल असे हवाई विभाग पाळावे लागतात आणि बेळगावात सांबऱ्याचा विमानतळ व लष्करी परिसर आहेच. शिवाय पुरात बचावाचे हेलिकॉप्टर कधी येईल याचा नेम नसतो. धरणांच्या भिंती आणि दरवाजे यांचे छायाचित्र घेण्याआधी तिथल्या चौकीवर विचारावे आणि नाही म्हटले तर वाद घालू नये.

एकटे जाऊ नये. सोबतच्या माणसाने छायाचित्रे काढायची नाहीत. त्याचे काम पाणी आणि रस्ता यांवर नजर ठेवणे हे आहे. निघताना घरी जागा आणि परतीची वेळ सांगावी. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक मोबाइलमध्ये आधीच असावेत.

टप्पा ४ : पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच

गाडी नदीच्या दिशेने नव्हे, गावाच्या दिशेने तोंड करून लावावी. त्यानंतर पाण्याजवळ एखादी ठळक खूण धरावी, जसे भिंतीचा दगड, पायरीची कड किंवा पुलाच्या खांबावर रंगवलेली फुटपट्टी, आणि मोबाइलवर तिचे एक छायाचित्र घ्यावे. दहा मिनिटांनी तीच खूण पुन्हा पाहावी. पाणी स्थिर किंवा खाली असेल तर पिशवी उघडावी. चढलेले दिसले तर परतावे, मग बातमी काहीही असो.

या दहा मिनिटांत गावकऱ्यांशी बोलावे. पाणी कुठून शिरते, कोणती गल्ली आधी भरते, कुठली भिंत कलली आहे हे तिथल्या माणसाला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही नकाशात नसते. पोलिसांनी आणि नगरपालिकेने लाउडस्पीकरवरून दिलेल्या सूचना बहुधा कन्नडमध्ये असतात. ज्याला त्या नीट समजत नाहीत त्याने समजणारा सोबती घ्यावा. “जरा अडकलं तरी मराठीत सांगतीलच” या भरवशावर राहू नये.

सावधान : लोंबणाऱ्या किंवा पाण्याला टेकलेल्या विजेच्या तारांपासून दूर राहावे. कोरड्या उंचवट्यावर आणि दगडी भिंतींच्या फटींत पुरात साप येऊन बसतात; बसण्याआधी, ट्रायपॉड टेकवण्याआधी पाहावे.

टप्पा ५ : कॅमेऱ्याची मांडणी

पावसाळी ढगाळ आकाश मोठे आणि उजळ असते. ते चौकटीत अर्धे आले की कॅमेरा फसतो आणि नदी, घरे काळवंडतात. त्यावर उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे आकाश चौकटीच्या वरच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नये. पांढऱ्या आकाशात पाहण्यासारखे काही नसते. दुसरा म्हणजे एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवून पाहावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला आपटत नाही ना ते बघावे. चौकट फक्त गढूळ पाण्याने भरली असेल तर वाढवण्याची गरज नसते, कारण त्या पाण्याचा उजेड मध्यम राखाडीच्या जवळचाच असतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा ठरवणारी मांडणी, ऑटोवर ठेवला तर काही कॅमेरे पाण्याचा तांबूस रंग दुरुस्त करायला जातात आणि तो निळसर राखाडी करून टाकतात. लाल मातीच्या खानापुरातले पाणी आणि काळ्या मातीच्या अथणीकडचे पाणी यांच्या रंगांत फरक असतो, तो असा पुसून टाकू नये. ‘क्लाउडी’ या ठरावीक मांडणीवर ठेवावे आणि शक्य असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावी.

शटरचा वेग हा खरा वादाचा मुद्दा आहे. अर्धा किंवा एक सेकंद शटर उघडे ठेवून पाणी रेशमासारखे गुळगुळीत करण्याची फॅशन आहे. डोंगरातल्या ओढ्याला ते शोभते. पुरात मात्र त्याने ओंडके, फेस, भोवरे आणि वाहून आलेला ऊस सगळे विरघळून जाते आणि जिवावर उठलेली नदी शांत दिसते, म्हणून मी ते करत नाही. मला उपयोगी पडलेले आकडे असे आहेत. पाण्याच्या उसळीचे शिंतोडे आणि फेस स्पष्ट हवे असतील तर १/५०० ते १/१००० सेकंद. प्रवाहाची दिशा रेषांनी दाखवायची पण खांब आणि घरे धारदार ठेवायची तर ट्रायपॉडवर १/१५ ते १/३०. ढगाळ दुपारी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि १/२५० इथून सुरुवात करून पुढे-मागे सरकावे. संथ शटरसाठी आयएसओ १०० आणि एफ/११ वर आणले की बहुतेक वेळा उजेड कमी करणाऱ्या एनडी फिल्टरचीही गरज पडत नाही.

पोलरायझर फिल्टर पाण्यावरची पांढरी चकाकी कमी करतो आणि ओल्या पानांचा रंग उठवतो. पण तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो, हे हातात कॅमेरा धरणाऱ्याने विसरू नये.

क्षितिज वाकडे येणे ही आणखी एक नेहमीची चूक. ती होते कारण लोक पलीकडच्या काठाची रेघ आडवी धरतात; नदीच्या वळणावर ती रेघ कॅमेरा सरळ असतानाही तिरपी दिसते. कॅमेऱ्यातली लेव्हल चालू करावी किंवा पक्क्या इमारतीचा उभा कोपरा प्रमाण मानावा. विजेचा खांब मानू नये, पुरात तोच कललेला असतो.

तपासणी : दर पाच-सहा छायाचित्रांनंतर लेन्सची पुढची काच पाहावी. स्क्रीनवर मोठे करून न पाहिल्यास पाण्याचा थेंब घरी गेल्यावरच दिसतो आणि सगळ्या चौकटींत एकाच जागी दिसतो.

टप्पा ६ : चौकटींचा क्रम

सर्वांत आधी मे महिन्यातल्या छायाचित्राची हुबेहूब चौकट घ्यावी, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. ती जागा पाण्याखाली असेल तर मागे सरकावे आणि किती सरकलो ते लिहावे. हे काम आधी करायचे कारण पाऊस वाढला तर नंतर संधी मिळत नाही. मग पाण्याचा विस्तार दाखवणारी रुंद चौकट आणि शेवटी तपशील : बुडालेल्या फलकाची अक्षरे, खांबाला अडकलेला कचरा, पायऱ्यांवरची गाळाची रेघ. तपशील टिपायला पाण्याच्या जवळ जाऊ नये, लेन्सच लांबवावी.

लांब लेन्सचा एक खोटेपणा ठाऊक असावा. १०० मिलीमीटरच्या पुढे अंतरे आकसतात आणि नदीपासून बऱ्याच लांब असलेले घर पाण्याला चिकटलेले भासते. असे छायाचित्र ‘घरापर्यंत पाणी’ अशा ओळीसह फिरले तर अफवा होते. म्हणून लांब लेन्सच्या प्रत्येक चौकटीची जोडीदार रुंद चौकट जवळ ठेवावी.

गोकाकच्या धबधब्यावर वेगळी पथ्ये आहेत. तिथे पाणी सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि तुषारांनी काच क्षणात भिजते. लेन्स झाकून चौकट ठरवावी, झाकण काढून तीन-चार छायाचित्रे घ्यावीत आणि पुन्हा झाकावी. कड्यावरच्या सपाट खडकावर चालत जाऊन खाली डोकावण्याचा मोह अनेकांना भोवला आहे. धबधबा समोरून, दुरूनच चांगला दिसतो.

माणसांची छायाचित्रे विचारूनच घ्यावीत. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात, झोपलेली मुले, ओल्या अंथरुणावर बसलेल्या आजीबाई, मेलेली जनावरे हे हौसेचे विषय नव्हेत. कोणी सामान हलवत असेल तर कॅमेरा ठेवून एक पोते उचलावे; तेवढ्याने छायाचित्रणाचा वेळ जात नाही.

टप्पा ७ : घरी आल्यावर

गार पावसातून थेट उबदार स्वयंपाकघरात आणलेल्या कॅमेऱ्यावर दव धरते. तो पिशवीतच अर्धा तास राहू द्यावा, मग बाहेरून पुसावा, बॅटरी आणि कार्ड काढावे आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. तांदळाच्या डब्यात ठेवू नये. तांदळाचा भुसा आणि पीठ फटींत जाते. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात ओली लेन्स कपाटात तशीच राहिली तर काचेत बुरशी धरते आणि ती फडक्याने निघत नाही. मोबाइल ओला असेल तर चार्जिंगची पिन लावण्याची घाई करू नये. हातपाय साबणाने धुवावेत, विशेषतः पायाला जखम असेल तर, कारण पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात.

फाइलच्या नावात तारीख, वेळ, नदी आणि जागा घालावी. उदाहरणार्थ, वर्ष-महिना-दिवस, हिरण्यकेशी, संकेश्वर घाट. दरवर्षी जुन्या पुराची छायाचित्रे आजची म्हणून फिरतात. पाठवण्याआधी तारीख छायाचित्रावरच कोपऱ्यात लिहावी, म्हणजे ती कितीही हातांतून गेली तरी टिकते.

टप्पा ८ : पाणी ओसरल्यावर एकदा जा

भिंतीवर उमटलेली गाळाची रेघ ही पुराची सर्वांत अचूक नोंद असते आणि ती फार दिवस राहत नाही. गणपतीच्या आधी घरे धुतली, रंगवली जातात आणि रेघ जाते. पाणी उतरल्यावर रस्ते खुले झाले की त्या आठवड्यातच जावे, घरमालकाला विचारून रेघेशेजारी मोजपट्टी उभी धरावी आणि भिंतीला समोरून, कॅमेरा रेघेच्याच उंचीवर ठेवून छायाचित्र घ्यावे. वरून किंवा खालून घेतल्यास आकडा चुकीचा वाचला जातो. पट्टीचा शून्य जमिनीवर नव्हे तर घराच्या उंबऱ्यावर धरावा, कारण रस्त्यावर गाळ साचतो, खडी पडते आणि त्याची पातळी वर्षागणिक बदलते.